तळ दिसणारं पाणी

आमच्याकडे रान होतं, विहीर नव्हती. तेरच्या वरच्या अंगाला जो मुरमाड माळ लागतो, त्यावर आमचं गाव. ज्वारी हातभर वाढायची आणि मग विचारात पडल्यासारखी थांबायची. आबांचा उजवा हात कोपरातून वाकत नव्हता. लहानपणी ते गाडीवरून पडले आणि हाड बसवणाऱ्यानं ते सरळच्या सरळ बसवून टाकलं. त्या हातानं ते औत धरायचे, पेंढ्या बांधायचे, पण घास तोंडापर्यंत न्यायचा तो डाव्या हातानं. म्हणून पंगतीला कधी बसायचे नाहीत. "मला भूक न्हाय," म्हणून लग्नाच्या मांडवातून उपाशी परत यायचे आणि घरी येऊन हुलग्याचं माडगं प्यायचे. माय दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जायची. थोरली बहीण कळंबकडे दिली होती. ती वर्षातून एकदा यायची आणि जाताना आमच्याकडून काही नेण्यासारखं नाही म्हणून मायच तिच्यापुढं रडायची.

निजामाचं राज्य गेलं तेव्हा मी पहिलीत होतो. मास्तर तेच राहिले. फक्त फळ्यावरची अक्षरं उजवीकडून डावीकडं जायची, ती एका दिवसापासून डावीकडून उजवीकडं जायला लागली. मला दोन्ही सारखीच अवघड होती, त्यामुळं मी रडलो नाही. पुढं तेच शिक्षण मला औरंगाबादच्या कॉलेजात घेऊन गेलं. तिथं मी प्राणिशास्त्र घेतलं. आबांना कुणी विचारलं, पोरगं काय शिकतंय, तर ते सांगायचे, "जनावरांचं." लोकांना वाटायचं मी ढोरांचा डॉक्टर होणार. मी दरवेळी दुरुस्त करायचो. नंतर सोडून दिलं.

उन्हाळा आला की मला अजूनही आधी वास येतो, ऊन नंतर दिसतं. कडुलिंबाच्या मोहोराचा कडू-गोड वास, आणि त्याच्याखाली घायपाताच्या ओल्या दोराचा. दोराचा वास आता कुठं असायचा? धाराशिवात माझ्या घरात नळ आहे. पाणी आठवड्यातून कधी येतं ते नगरपालिकेलाच ठाऊक, पण नळ आहे. परवा आमच्या गल्लीत टँकर आला. रांगेत माझ्यापुढं शेजारचं नवं जोडपं उभं होतं, दोघांचं डोकं एका मोबाईलवर. सुट्टीला कुठल्याशा बेटांच्या देशात चाललेत. सगळं ठरलंय, फक्त एक दिवस मोकळा आहे, त्या दिवशी समुद्राखाली उतरायचं; कुठल्या बेटावर, तेवढं ठरत नव्हतं. मुलगी मागं वळून म्हणाली, "काका, तुम्ही सायन्सवाले. सांगा ना, इथं उतरू का इथं? इथं तीस मीटरपर्यंत स्वच्छ दिसतं म्हणे."

मी म्हणालो, "स्वच्छ दिसतं तिथंच जा." ती खूश झाली. हा सल्ला मला वेळेवर देणारं कुणी नव्हतं, हे मी तिला सांगितलं नाही. तेवढ्यात टँकरचा पाईप सुटला आणि सगळे बादल्या घेऊन धावले.

तो उन्हाळा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचा. परीक्षा देऊन मी गावी आलो होतो. निकाल जूनमध्ये. मधल्या मे महिन्यात आमचे सर काही निवडक मुलांना सिलोनला नेणार होते, समुद्रातले प्राणी बघायला. खर्च कॉलेजचा. मी निवडला गेलो होतो. गावात सिलोन म्हणजे पाटलाच्या रेडिओवर गाणी लागायची ते. तिथं माणसं राहतात आणि तिथं समुद्रही आहे, हे बऱ्याच जणांना माझ्यामुळं कळलं.

पण गावात पाऊल टाकलं आणि सिलोन लांब गेलं. आमच्या आडाचा तळ दिसायला लागला होता.

आड म्हणजे गावातली अरुंद, गोल, खोल विहीर. पायऱ्या नसतात, दगडी बांधकामात पाय ठेवायला खोबण्या असतात. पावसाळ्यानंतर वरून पोहरा सोडला की डुबुक्‌ असा भरलेला, पोटातून आल्यासारखा आवाज यायचा. चैत्रात तो आवाज पातळ व्हायचा. वैशाखात पोहरा दगडावर खणकन्‌ वाजायचा. तो खणका ऐकला की बायका एकमेकींकडं बघायच्या नाहीत. मग माणूस खाली उतरवायचा. कमरेला दोर बांधून, खोबण्यांतून पाय शोधत तो तळाला जायचा आणि जरमनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या वाटीनं पाझराचं पाणी गोळा करून पोहऱ्यात भरायचा. एक घागर झाली की पुन्हा पाझर साठेपर्यंत गप्प बसायचं.

आणि नेम असा, की ज्याची घागर त्याच्याच घरचं माणूस उतरणार. हा नेम कुणी केला माहीत नाही. खाली बसलेला माणूस आपल्या भावकीची घागर काठोकाठ आणि परक्याची गळ्यापर्यंत भरतो, यावरून कधीतरी डोकी फुटली असणार. नेम केला आणि डोकी वाचली. गावकुसाबाहेरच्या माणसांना तर या आडावर येताच येत नव्हतं. ती तेरणेच्या कोरड्या पात्रात झिरे खणून बसायची. आमच्या नेमात त्यांचा विचार कुणी केला नव्हता, आणि तेव्हा मीही केला नव्हता.

आमच्या घरचं माणूस म्हणजे मी. आबांच्या हातानं खोबणी धरता येत नव्हती. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घरी असायचो, त्यामुळं माझ्या कॉलेजच्या सगळ्या वर्षांत हे जमून गेलं. आडाच्या तळाशी मला वाईट वाटायचं नाही. गार असतं. वर बघितलं तर आभाळ परातीएवढं, आणि परातीच्या कडेला बायकांची डोकी. वाटी दगडावर खरवडल्याचा आवाज आपल्याच कानात मोठा होतो. पाझर कुठल्या फटीतून येतो ते बोटांना कळतं, डोळ्यांना दिसत नाही. प्राणिशास्त्राच्या पुस्तकातली पानं मी तिथं बसून मनात उलटायचो. प्रवाळ, तारामासा, समुद्रकाकडी. पायाखाली घोट्यापर्यंत गाळ.

अशाच एका सकाळी, आमची पाळी यायच्या आधी, आडावर डाकवाला माझं एक कार्ड घेऊन आला. विनायक माझा वर्गमित्र, लातूरचा. त्याचं कार्ड होतं.

"काय रं बबन, सरकारी सांगावा हाय व्हय?" गोदाकाकूंनी विचारलं. आमच्या शेजारच्या. गावातली कुठलीही गोष्ट त्यांच्या आधी कुणाला कळली, तर त्यांना ते अपमानासारखं वाटायचं.

"न्हाय काकू, मैतराचं कार्ड."

"मग वाच की मोठ्यानं. लपवून वाचाय लग्नाचं हाय का?"

मी वाचलं. सिलोनात एक दिवस मोकळा मिळणार आहे. त्या दिवशी पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्राच्या आत उतरायचं, तिथला एक पाणबुड्या उतरवणार. दोन ठिकाणं आहेत, म्हणून दोन गट पाडायचेत. एक दक्षिणेचा उथळ किनारा. तिथलं पाणी काचेसारखं आहे आणि तळ दिसतो. दुसरं पूर्वेचं मोठं बंदर. ते फार खोल आहे. तुझं नाव कुठं घालू, ते उलट टपाली कळव.

दोराच्या रहाटाशी रशीदचाचा बसले होते. पिंजारी माणूस, गाद्या भरायचे. पण उन्हाळ्यात कापूस कोण पिंजून घेतो, म्हणून दिवसभर आडावर. दोर धरायला त्यांच्याइतका भरवशाचा हात गावात नव्हता. त्यांना टाकीची गंमत वाटली. "पाण्यात जाताना हवा संगं न्यायची?"

"व्हय चाचा."

"और हम पानी लाने कू घागर ले के हवा में उतरते. अजब हाय बाबा!"

सगळे हसले. गोदाकाकू मात्र हसल्या नाहीत. त्या कार्डाकडं बघत होत्या.

"तळ दिसतोय म्हणला न्हवं का तू?"

"व्हय. लई स्वच्छ हाय पाणी."

"आगं बया! मग तितलं पाणी सरत आलंय की रं!"

"काकू, समुद्र हाय त्यो. सरत न्हाय."

"आपला आड बी सरत न्हाय म्हणायची समदी. बघ की आता वाकून."

कुणीतरी खरोखर वाकून बघितलं. मी समजावायला लागलो. तिथं तळाला प्रवाळ असतात, दगडी झाडांसारखे. रंगीत मासे असतात. तळ दिसला तरच ते दिसतात. मला हे सगळं इंग्रजीत येत होतं आणि आडावरच्या भाषेत बोलायला गेलो की त्यातून दगडं तेवढी उरत होती.

"दगडं बघाय सिलोन?" रशीदचाचा म्हणाले. "नळदुर्गला जा. मेरी बहन है वहाँ. किल्ल्यात लई दगडं हायत, रोटीभी खिलाएगी."

आबा लिंबाखाली बसून होते. त्यांचं मत असं पडलं, "खोल हाय तिकडं जा. येवढा मुलूख तुडवून जायाचं आन्‌ तळ बघून माघारी यायचं? तळ हितं दिसतोय की फुकट."

यावर सगळ्यांचं एकमत झालं. गावात एकमत होणं किती दुर्मीळ, ते गावात राहिलेल्याला ठाऊक. त्या माणसांनी आयुष्यात तळ दिसणारं चांगलं पाणी कधी बघितलंच नव्हतं. तळ दिसला की पुढं काय होतं, एवढंच त्यांना पाठ होतं. मी हसलो खरा, पण मला त्यांचं हसू येत नव्हतं.

माय घागर मांडून उभी होती. तिनं यातलं काही विचारलं नाही. तिनं विचारलं, "किती दिस लागत्याल?"

एवढ्या सगळ्या माणसांत हा एकच प्रश्न खरा होता.

संध्याकाळी भाकरी खाताना तो पुन्हा निघाला. रशीदचाचांचा मुलगा युसूफ माझ्याऐवजी उतरायला तयार होता; चाचा स्वतः सांगून गेले होते. आबांनी मान हलवली. "आज आमी युसूफला उतरवला तर उद्या पाटील गडी उतरवंल. मग नेम ऱ्हातोय का? माझ्या घरची घागर माझ्या घरचं माणूस भरंल."

"मग घरचं माणूस कोण?" मी म्हणालो. "मी जात न्हाय. कार्ड टाकतो."

आबांचा आवाज चढला. "तुला शिकिवला त्यो आडात बसाय? सांग की! बसाय शिकिवला?"

  नेम आबांचा बरोबर, राग आबांचा बरोबर, आणि दोन्ही बरोबर असल्यामुळं खाली उतरायला एकच माणूस उरत होतं. ते चुलीपुढं बसून तव्यावरची भाकरी उलटत होतं.

"म्या काय दुसऱ्याच्या घरची हाय?" माय म्हणाली.

तिचे गुडघे धरलेले होते. जमिनीवरून उठताना ती आधी एक हात भिंतीला लावायची. तिनं आमच्याकडं बघितलंही नाही. "उद्या तू असतानाच उतरून बघते. दोर तू धर," म्हणाली. आणि मग, "त्या कार्डाला लिही. खोल पाण्याचं लिही. तळ दिसतोय तिथं माझं पोरगं जायाचं न्हाय."

मी पुस्तकं वाचलेला माणूस. स्वच्छ पाणी म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. पण तिनं आख्ख्या आयुष्यात माझ्याकडं मागितलेली ही जवळजवळ एकच गोष्ट. मी खोल बंदर लिहिलं आणि सकाळी कार्ड टाकलं.

ती सकाळ मला समुद्रापेक्षा जास्त आठवते. मायनं लुगड्याचा काष्टा घट्ट मारला, पदर कमरेला खोचला.  दोर माझ्या हातात, माझ्यामागं रशीदचाचा. ती आडाच्या कडेवर पालथी झाली आणि पायानं पहिली खोबणी शोधायला लागली. तिला ती सापडेना. मला ती पाठ होती. डोळे मिटून सांगता आली असती.

"डावीकडं. आणखी खाली. न्हाय, डावीकडं माय."

"माझं डावं का तुझं?"

"तुझं."

"मग नीट सांग की. आन्‌ दोर हळू सोड, म्या काय बोचकं न्हाय."

बायका हसल्या. ती उतरत गेली. आधी तिचं कपाळ दिसायचं, मग नुसता केसांचा भांग, मग एक हिरवा डाग, लुगड्याचा. मध्येच थांबायची. दोर ताणलेला तसाच राहायचा. तो माझ्या तळव्यात चावत होता आणि मला त्याच्यातून तिचा श्वास लागत होता, लहान, तुटक. मी वर उभा होतो, धडधाकट, बी.एस्सी.चे पेपर चांगले गेलेला. माझ्याकडं करण्यासारखं काही नव्हतं. दोर धरणं म्हणजे काही करणं नसतं. माणूस पडलं तर आपल्याला कळावं, एवढाच त्याचा उपयोग.

खालून खोकला आला. मग बराच वेळ काही नाही. मग वाटी खरवडल्याचा आवाज.

"ठीक है, ठीक है," चाचा माझ्या कानाशी म्हणाले, "माँ हाय. भर लेगी."

चार दिवसांनी मी निघालो. वेशीपाशी एस.टी.ला हात केला, तेव्हा आबा सोबत होते.  गाडी हलल्यावर वाकत नसलेला हात त्यांनी तसाच सरळ वर केला, आणि तो बराच वेळ तसा दिसत राहिला.

मग रेल्वे, मग बोट, मग सिलोन. सगळं इतकं हिरवं होतं की मला राग आला. रस्त्याच्या कडेला, कुणाच्याही मालकीचं नसल्यासारखं पाणी पडून होतं. केळीखाली पाणी, दारात पाणी, म्हशी पाण्यात. विनायक दक्षिणेच्या गटात होता. "खोल पाणी का निवडलंस रे? तिथं काही दिसत नाही म्हणतात," तो म्हणाला. मी म्हणालो, "घरचे म्हणाले." त्याला ते पटलं. आमच्या काळी मुलं हे उत्तर पटवून घ्यायची.

बंदरात पाणबुड्यानं माझ्या पाठीवर टाकी बांधली. जड होती; भरलेल्या घागरीसारखी, फक्त मागच्या बाजूला. तोंडात रबरी नळी. त्यानं हातवारे करून समजावलं, श्वास घेत राहायचं, थांबवायचा नाही. पण पाण्यात डोकं बुडालं की श्वास कोंडायचा, हे आम्ही चालायच्या वयापासून शिकलेलो. मी कोंडला. त्यानं माझ्या छातीवर थाप मारली. मी पुन्हा कोंडला. त्यानं पुन्हा मारली. असं करत आम्ही खाली गेलो.

काही दिसत नव्हतं. आधी हिरवं, मग गढूळ हिरवं, मग आपला हात आपल्यालाच दिसेना. मासा नाही, प्रवाळ नाही. कानात माझ्याच श्वासाची खरखर, वाटी दगडावर खरवडल्यासारखी. मी वर बघितलं. परातही नव्हती. मग पाय कशाततरी रुतले. मी वाकून हात घातला, गाळ होता. घोट्यापर्यंत. तळाशी आलो होतो आणि तळ दिसत नव्हता.

सकाळची वेळ होती. आमच्या घरची पाळी याच सुमाराला यायची. एवढ्या पाण्याच्या खाली उभा राहून मी त्याच्यातलं वाटीभरही कुठं पाठवू शकत नव्हतो. आणि रडायची सोय नव्हती, तोंडात नळी होती.

रात्री दोन्ही गट एकत्र आले. विनायक बोलायचा थांबेना. निळे मासे, बांगड्यांच्या दुकानासारखे चमकणारे, शिंगांसारखे प्रवाळ, काळ्या काट्यांचे गोळे. सगळी माझ्या पुस्तकातली पानं त्यानं बघितली होती. मग त्यानं विचारलं, "तू काय पाहिलंस?"

"पाणी."

"आणि?"

"पाणीच."

गावी परत आलो तर आडावर सगळी जमली. मला वाटलं, आता काय सांगायचं यांना? पण प्रश्न एकच आला, आणि तो गोदाकाकूंचाच.

"तळ दिसला का?"

"न्हाय काकू."

"बघा!" त्या सगळ्यांकडं फिरून म्हणाल्या. "म्या म्हणलं न्हवतं? पोरगं बरूबर जागी गेलं." लोकांनी समाधानानं माना हलवल्या. आबांनी खाकरून घसा साफ केला. माझ्या सहलीनं कुणाला एवढा आनंद झालेला मी नंतर कधी पाहिला नाही, आणि त्या आनंदाला मी हात लावला नाही.

मायचे दोन्ही कोपर सोलवटलेले होते. गुडघ्याला तिनं हळद लावून फडकं बांधलं होतं. मी बघतोय म्हटल्यावर तिनं लुगडं खाली ओढलं.

"लई पाणी हाय का तिकडं?" तिनं विचारलं.

"लई. नजर पुरत न्हाय."

"गोड का?"

"न्हाय. खारट. पिता येत न्हाय."

तिला माझी कीव आली असावी. "मग येवढं लांब..." म्हणाली. दुसऱ्या दिवशी मी दोर कमरेला बांधायला लागलो, तर आधी द्यायलाच तयार नव्हती. "आता मला खोबण्या घावल्यात," म्हणाली. भांडून घ्यावा लागला.

खाली गेलो. पाझर जिथून यायचा त्या फटीपाशी गाळात बोटं घातली, तर बांगडीची फुटकी काच लागली. हिरवी. आणखी एक. आणखी एक. मी त्या वेचून खिशात घातल्या. कुणाच्या पायात जाऊ नयेत म्हणून. वर कुणीतरी वाकून ओरडलं, "झालं का रं?" मी म्हणालो, "भरतोय." आवाज नीट येईना म्हणून पुन्हा म्हणालो.

रशीदचाचांनी नंतर मला सांगितलं, मी नव्हतो तेवढ्या दिवसांत आमच्या घराची पाळी एकदाही चुकली नाही आणि आमची घागर एकदाही रिकामी माघारी गेली नाही. मायनं स्वतः कधी सांगितलं नाही.

जूनमध्ये निकाल लागला. मी बी.एस्सी. पास झालो, दुसऱ्या वर्गात. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर, आणि आमच्या गावातलाही.